सहेरीचा तवा आणि शिळ्याची लाज

रमजान आला की वैरागसारख्या गावात इफ्तारच्या दस्तरखानावर दोन पदार्थ जास्तच मांडले जातात. दिवसभराच्या रोजानंतर डोळ्यांची भूक मोठी असते, पोटाची लहान. खजूर, फळे, भजी झाली की कोंबडी आणि भाजी पातेल्यात तशीच उरते. पहाटे सहेरीला मात्र ‘शिळे कोण खाणार?’ म्हणत नवा स्वयंपाक मांडला जातो. त्यासाठी सर्वांआधी उठते ती घरातली बाई. रोजा तिचाही असतो.

ही लाज सोडायला हवी. कुरआनच्या सूरह आराफमधील 31व्या आयतीत खाण्यापिण्यात उधळपट्टी करू नका, अशी ताकीद आहे. शेजारच्या हिंदू घरांतही अन्न पूर्णब्रह्म मानले जाते आणि कालच्या भाकरीला फोडणी देण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मग कोंबडीच्या चार तुकड्यांनीच काय केले?

लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात कांदा, उकडलेला बटाटा, गाजर, मेथी परतावी. हाडे काढलेले कोंबडीचे तुकडे आणि उरलेली भाजी त्यात घालून खालून लालसर होईपर्यंत दाबून ठेवावे. मीठ आधीच असते. वरून घातल्यास दिवसभर तहान छळते. 100 ग्रॅम शिजलेल्या कोंबडीतून सुमारे 25 ग्रॅम प्रथिने मिळतात. सोबत ज्वारीची भाकरी असली की पोटाला दुपारपर्यंत आधार राहतो.

अट एकच. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत उरलेले फ्रिजमध्ये जावे आणि पहाटे चांगल्या वाफा येईपर्यंत तापावे. रात्रभर ओट्यावर राहिलेली कोंबडी खाणे ही काटकसर नव्हे, दवाखान्याची वाट आहे.

उरलेले गरिबाला देऊन सवाब मिळवण्याचीही एक सवय असते. पण जे स्वतःला नको, ते दान म्हणून देऊ नये, हेही कुरआनच सांगते. गरजूचा वाटा ताजा असतानाच, ताटे वाढण्याआधी काढावा. उरलेले घरच्यांनी खावे.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील सुमारे 60 टक्के घरांतून. त्या ढिगात रोजेदाराच्या घराची भर नसावी. आणि हा तवा इतका सोपा आहे, की पहाटे तो घरातल्या पुरुषानेही चुलीवर चढवावा.