एक रविवार आणि २९ राइड्स

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की कोकणातल्या कितीतरी घरांत बॅगा निघतात. कोणाचे शोहर मस्कतला, कोणाचा भाऊ दोह्याला, कोणाचा मुलगा दुबईत. व्हिजिट व्हिसा हातात येतो आणि पाठोपाठ मुलांची यादी सुरू होते. दापोलीकडच्या एका भगिनीने या महिन्यात विचारलेला प्रश्न याच यादीतला आहे. तिचे शोहर अबुधाबीत नोकरीला. मागच्या खेपेस त्यांनी मुलांना यास बेटावरचे फेरारी वर्ल्ड दाखवले. या वेळी त्याच बेटावरच्या दुसऱ्या पार्कात, वॉर्नर ब्रदर्स वर्ल्डमध्ये जायचे ठरले आहे. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी सहाची, सोबत सासूबाई. शोहरना सुट्टी फक्त रविवारी. ती म्हणते, "मॅडम, सगळे बघून होणार नाही हे कळते. आधी काय धरायचे आणि काय सोडायचे एवढे सांगा."

प्रश्न खेळण्याचा वाटतो, पण तसा तो नाही. ज्या घरात बाप वर्षातून एक महिना भेटतो, तिथे त्या रविवारची किंमत तिकिटापेक्षा मोठी असते. तिकीटही स्वस्त नाही, ओव्हरटाइम करून काढलेले. त्या दिवशी तीन तास रांगेत आणि एक तास रुसव्यात गेला तर तो दिवस परत मिळत नाही. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

पहिली गोष्ट, दुसऱ्या पार्कात पहिले पार्क शोधू नका. फेरारी वर्ल्ड हे वेगाचे पार्क. तिथला फॉर्म्युला रोसा ताशी २४० किलोमीटर वेग पाच सेकंदांच्या आत गाठतो, आणि २०१० मध्ये तो सुरू झाला तेव्हा जगातला सर्वांत वेगवान रोलर कोस्टर होता. वाळूचे कण डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून बसणाऱ्यांना चष्मे देतात. तुमच्या तेरा वर्षांच्या साहेबांच्या डोक्यात तोच चष्मा असणार! वॉर्नरमध्ये गेल्यावर तो विचारील, "याहून फास्ट कुठला?" याहून फास्ट इथे काहीच नाही. हे त्याला विमानात बसण्याआधी सांगा. २०१८ साली उघडलेले हे पार्क पूर्णपणे छताखाली, एसीत आहे आणि त्याची ताकद गोष्टींत आहे. टॉम अँड जेरी, स्कूबी-डू, फ्लिंटस्टोन्स, बॅटमन, सुपरमॅन. मधला चौक धरून सहा भाग: दोन सुपरहिरोंचे, तीन कार्टूनचे. राइड्स आणि करमणुकीचे प्रकार मिळून उघडताना २९ होते.

मग निवड कशी करायची? माझा नियम असा की पहिल्या पार्कात जे नव्हते ते आधी. फेरारीत वेग भरपूर अनुभवला, पण गाडीत बसून एखाद्या गोष्टीच्या आत फिरणे तिथे कमी आहे. वॉर्नरमध्ये स्कूबी-डूच्या म्युझियममधली राइड तशी आहे. गाडीला खाली दिसणारे रूळ नाहीत, ती एका दालनातून दुसऱ्या दालनात वळत जाते, भुते पकडायची असतात. सहा वर्षांच्या मुलीलाही पुरेल एवढीच भीती. फ्लिंटस्टोन्सच्या बेडरॉकमध्ये होडीतून सैर आहे, शेवटी थोडे भिजायला होते. बॅटमनची आणि जस्टिस लीगची राइड मोठ्या मुलासाठी राखा.

आता रांगेचा हिशेब. हा मी सातवीच्या वर्गात गुणोत्तर शिकवताना सांगते, मुलांना लगेच कळतो. समजा एका गाडीत १२ जण बसतात आणि दर दोन मिनिटांनी गाडी सुटते. तासाला ३६० माणसे. तुमच्यापुढे १८० जण असतील तर अर्धा तास, ३६० असतील तर तास. याउलट जिथे शंभर-दीडशे माणसे एकदम आत घेऊन खेळ दाखवतात, तिथली रांग लांब दिसली तरी भराभर सरकते. म्हणून रांगेची लांबी बघून घाबरू नका, एका वेळी किती जण आत जातात ते बघा. थोडी माणसे घेणाऱ्या राइड्स सकाळच्या पहिल्या तासात उरकायच्या, मोठ्या सभागृहांचे खेळ दुपारच्या गर्दीसाठी ठेवायचे.

या पार्कात रोलर कोस्टर म्हणावेत असे दोनच. रोड रनर आणि त्याच्यामागे धावणाऱ्या कोल्ह्याचा, ज्यात पाय खाली लोंबते राहतात तो एक. दुसरा टॉम अँड जेरीचा, ज्यात बसायची गाडी चालता चालता स्वतःभोवतीही गिरकी घेते. दोन्हींची धाव थोडक्यात आटोपते, दोन्ही मुलांना हव्याच असतात, त्यामुळे रांग इथे लवकर साठते. दार उघडायच्या वीस मिनिटे आधी हजर राहा आणि आत शिरल्यावर चौकात फोटो न काढता थेट इकडे चला. फोटो जाताना काढा, चौक कुठे पळून जात नाही.

रविवारच जमणार हे खरे, पण एक माहिती असू द्या. जानेवारी २०२२ पासून अमिरातीत सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली, शुक्रवारी अर्धा दिवस काम. पूर्वी शुक्रवारी जी गर्दी असे ती आता या दोन दिवसांत असते. शोहरना एखादा मंगळवार-बुधवार बदलून मिळत असेल तर मागून बघा, त्याने दोन राइड्स जास्त होतील.

उंचीचा प्रश्न मुलीमुळे येणारच. प्रत्येक राइडच्या तोंडाशी पट्टी उभी असते, आणि कर्मचारी तिथे कोणाची भीड धरत नाहीत. ते योग्यही आहे, कारण सीटचा पट्टा ठरावीक उंचीच्या शरीरासाठीच बनवलेला असतो. घरी दाराच्या चौकटीला उभे करून, चपला काढून, मुलीची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा आणि पार्कच्या संकेतस्थळावर दिलेल्या उंचीशी ताडून बघा. जे तिला जमणार नाही ते तिच्यासमोर मोठ्याने वाचू नका. अर्धा तास रांगेत उभे राहून पट्टीपाशी परत फिरणे हा लहान जिवाला फार मोठा अपमान वाटतो.

यावरून पुढचा मुद्दा निघतो, जो बहुतेक कुटुंबे विचारातच घेत नाहीत. "अब्बा मुलाला घेऊन जातील, अम्मी मुलीला सांभाळेल" अशी वाटणी सकाळीच होते आणि संध्याकाळपर्यंत तशीच चालते. म्हणजे एका महिन्यासाठी एकत्र आलेले घर दिवसभर दोन रांगांत. माझे मत विचाराल तर आधी चौघांनी एकाच गाडीत बसता येईल अशा राइड्स धरा: स्कूबी-डू, फ्लिंटस्टोन्सची होडी, आणि मुलीची उंची बसली तर टॉम अँड जेरी. बाप-लेकांची वेगळी फेरी एकदा, फार तर दोनदा. आणि शोहरना विचारा त्यांना काय बघायचे आहे. वर्षानुवर्षे त्या शहरात राहून, रोज बसमधून ते लाल छत बघत कामावर जाणारी कितीतरी माणसे आपल्याकडची आहेत. घरची माणसे येईपर्यंत ती आत पाऊल टाकत नाहीत. त्यांची एक आवड यादीत वर असायला हरकत नाही.

सासूबाईंसाठी होडी नको. उतारावर धक्का बसतो, गुडघे आणि पाठ दोन्ही बोलतात. स्कूबी-डू त्यांना चालेल, मधल्या चौकातले कार्यक्रम आवडतील. पार्क छताखाली असल्याने मे महिन्यातल्या चाळीस अंशांच्या वरच्या उन्हाची काळजी नाही. नमाजाला जागा आतच आहे. जोहरला सगळ्यांनी थांबायचे, तिथूनच जेवायला जायचे, म्हणजे ज्येष्ठांना विश्रांती आपोआप मिळते. ऐन एक वाजता जेवायला बसू नका, बारा किंवा अडीचला बसा.

जाता जाता फेरारीची एक गोष्ट, कारण मुलगा पुन्हा तिकडे ओढणारच. तिथे फ्लाइंग एसेस नावाचा कोस्टर आहे, त्याची गिरकी ५२ मीटर उंच आहे. तो पहिल्या महायुद्धातला इटालियन वैमानिक फ्रान्चेस्को बराक्का याच्या नावावर बेतलेला. त्याच्या विमानावर उधळलेला घोडा रंगवलेला असे. तो १९१८ साली मारला गेला. फेरारींनीच सांगून ठेवले आहे की पुढे १९२३ मध्ये एक शर्यत जिंकल्यावर त्यांची बराक्काच्या आईवडिलांशी ओळख झाली आणि तो घोडा गाडीवर लावायला त्याच्या आईनेच सुचवले. गाड्यांचे पोस्टर भिंतीवर लावणाऱ्या मुलांना ही गोष्ट सांगा, ती घोड्याकडे वेगळ्या नजरेने बघतात.

आणखी एखादा रविवार हाती लागलाच तर बेटावर यास वॉटरवर्ल्डही आहे. ते हरवलेल्या मोत्याच्या शोधात निघालेल्या दाना नावाच्या मुलीच्या गोष्टीवर उभारले आहे. ही गोष्ट आपल्याला परकी नाही. आखातातले मोती एके काळी मुंबईच्या बाजारात येत. १९३०च्या आसपास जपानच्या संवर्धित मोत्यांनी आणि मंदीने तो धंदा बुडवला. तिथे आधी बँडिट बॉम्बर धरा. डोक्यावरून जाणाऱ्या गाडीत बसून खालच्या लोकांवर पाणी मारायचे, चौघेही खूश! त्यानंतर दव्वामा, सहा जणांच्या तराफ्यातून मोठ्या नरसाळ्यात घसरायची ती. पार्क उघड्यावर आहे, त्यामुळे या दोन्ही राइड्स ऊन चढायच्या आत. दुपारी संथ वाहणाऱ्या नदीत टायरवर पडून राहावे. कपडे पोहण्याच्या कापडाचेच लागतात, पूर्ण अंग झाकणारी बुर्किनी चालते, सुती सलवार-कमीज घसरगुंडीवर चालत नाही. बांगड्या, कानातले आणि हिजाबच्या टाचण्या घरीच काढून ठेवा.