कल्पित जगाचा इतिहास कोणाचा?



अद्भुतरम्य साहित्याचा विषय निघाला की दोन शेरे हमखास ऐकू येतात. असे साहित्य मुलांसाठी असते, हा एक. आणि ते वाचकाला वास्तवापासून पळ काढायला शिकवते, हा दुसरा. हे शेरे मान्य केले, तर लेखकाने रचलेल्या जगाचा इतिहास, तेथील लोक, त्यांच्या भाषा यांचा अभ्यास करण्याचे कारणच उरत नाही. प्रस्तुत लेखकाचे मत याहून वेगळे आहे. कल्पित जगाचा इतिहास आपण खऱ्या इतिहासाइतक्याच कसोशीने वाचला पाहिजे. तो कोणी लिहिला, कोणाचा लिहिला आणि कोणाला त्यातून वगळले, हे प्रश्न त्यालाही विचारले पाहिजेत. जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) यांनी निर्माण केलेल्या 'मिडल-अर्थ' या जगाच्या आधारे हे मत येथे मांडले आहे.

टॉल्किन हे १९२५ पासून ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक होते. 'मिडल-अर्थ' हे नावही त्यांनी प्राचीन इंग्रजीतूनच घेतले; त्या भाषेत या शब्दाचे मूळ रूप मनुष्यवस्तीच्या जगासाठी वापरले जाई. 'द हॉबिट' १९३७ साली आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४–५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाले. या जगाचा प्राचीन इतिहास सांगणारे 'द सिल्मरिलियन' त्यांच्या मृत्यूनंतर, १९७७ साली, पुत्र ख्रिस्तोफर यांनी संपादित करून प्रकाशित केले. भाषेचे अभ्यासक म्हणून आपण एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. या जगात आधी भाषा जन्मल्या आणि कथा नंतर आल्या. एल्फ नावाच्या अमर लोकांच्या दोन भाषा टॉल्किन यांनी घडविल्या. त्यांपैकी क्वेन्यावर फिनिश भाषेचा, तर सिंडारिनवर वेल्श भाषेचा प्रभाव आहे. भाषा बदलते ती बोलणाऱ्यांची ताटातूट झाल्याने, स्थलांतराने, परक्यांच्या सहवासाने. म्हणून दोन भगिनीभाषा कल्पिल्या, की त्या वेगळ्या का झाल्या हे सांगणारा इतिहासही कल्पावा लागतो. मिडल-अर्थचे दुसरे युग ३४४१ वर्षांचे, तिसरे ३०२१ वर्षांचे. त्यांतील राजवंश, युद्धे आणि स्थलांतरे यांची मांडणी कथेच्या अखेरीस जोडलेल्या परिशिष्टांत आढळते.

हा इतिहास सांगतो कोण? टॉल्किन स्वतःला लेखक म्हणवीत नाहीत, अनुवादक म्हणवितात. त्यांच्या हाती एक प्राचीन हस्तलिखित आले असून त्याचे आपण इंग्रजी भाषांतर केले आहे, अशी त्यांची भूमिका आहे. हे हस्तलिखित बिल्बो, फ्रोडो आणि सॅम या हॉबिटांनी लिहिले. हॉबिट म्हणजे शेतीवाडीत रमणारे, बुटक्या चणीचे, शांतताप्रिय लोक. म्हणजे आपण जो इतिहास वाचतो तो युद्ध जिंकलेल्या पक्षाच्या काही व्यक्तींनी आपल्या आठवणींतून लिहिलेला आहे.

बखरवाङ्मयाचा अभ्यास केलेल्या विद्यार्थ्याला ही परिस्थिती परिचयाची वाटेल. कृष्णाजी अनंत सभासद यांनी शिवछत्रपतींचे चरित्र राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिले. ते वाचताना लेखक कोण, लेखन कोणाच्या सांगण्यावरून झाले, घटनेनंतर किती वर्षांनी झाले, हे आपण पाहतो. तीच दृष्टी येथेही उपयोगी पडते, कारण टॉल्किन यांनीच तशी सोय करून ठेवली आहे. 'द हॉबिट'च्या पहिल्या आवृत्तीत गॉलम हा प्राणी कोड्यांच्या पैजेत आपली अंगठी देऊ करतो. पुढील कथेशी हे जुळेना, म्हणून १९५१ च्या आवृत्तीत तो प्रसंग बदलला. आता पैज हरल्यास बाहेर पडण्याची वाट दाखविण्याचे वचन गॉलम देतो. एखाद्या लेखकाने ही दुरुस्ती गुपचूप केली असती. टॉल्किन यांनी तिला कथेत स्थान दिले. बिल्बोने प्रथम खोटी हकीकत सांगितली होती आणि तीच मूळ हस्तलिखितात उतरली, असा खुलासा त्यांनी पुढील ग्रंथाच्या प्रस्तावनेत केला. साधन चुकू शकते, निवेदक आपल्या सोयीचे तेवढे लिहू शकतो, हे वाचकाला याहून स्पष्टपणे कसे सांगावे?

आता लोकांकडे वळू. एल्फ, ड्वॉर्फ, हॉबिट आणि गोंडॉर व रोहान या राज्यांतील माणसे यांना वंशावळी आहेत, गाणी आहेत, पूर्वजांची नावे आहेत. डनलंडच्या डोंगराळ भागातील लोकांचे तसे नाही. ते शत्रूच्या बाजूने लढतात, आणि घाईने वाचणारा त्यांना दुष्टांच्या रांगेत बसवून पुढे जातो. तथापि रोहानच्याच एका योद्ध्याच्या तोंडून एक माहिती आपल्याला मिळते. गोंडॉरच्या अधिपतींनी रोहानची भूमी एओर्ल नावाच्या सरदाराला दिली, आणि हा सल या डोंगरी लोकांच्या मनात पाचशे वर्षांनंतरही कायम आहे. सारुमान हा जादूगार याच सलाला फुंकर घालतो आणि त्यांना युद्धात उतरवितो. रोहानचे लोक युद्धकैद्यांना जिवंत जाळतात, असे त्याने त्यांच्या मनावर बिंबविलेले असते. प्रत्यक्षात पराभवानंतर त्यांना जीवदान मिळते, तेव्हा ते चकित होतात.

ड्रुआडन अरण्यातील वनवासींची कथा याहून बोलकी आहे. त्यांचा प्रमुख घान-बुरी-घान रोहानच्या सैन्याला विसरलेली वाट दाखवितो. मोबदल्यात तो एवढेच मागतो, की आमच्या लोकांची जनावरांप्रमाणे शिकार करू नका. आम्हांला आमच्या रानात राहू द्या. या एका मागणीतून ज्यांना आपण आतापर्यंत निष्कलंक वीर मानले, त्यांच्या इतिहासाची दुसरी बाजू उघडी पडते. युद्धानंतर नवा राजा ते अरण्य त्या लोकांच्या नावे करून देतो आणि त्यांच्या परवानगीवाचून तेथे कोणी शिरू नये, अशी द्वाही फिरवितो. परंतु वनवासींनी लिहिलेला इतिहास मात्र त्या हस्तलिखितात नाही.

येथे कोणी आक्षेप घेईल, की खऱ्या इतिहासात हरवलेला कागद उद्या सापडू शकतो. कल्पित जगात पुस्तकाबाहेर काहीच नाही, मग जे लिहिलेच नाही त्याविषयी विचारण्यात काय हशील? आक्षेप वरकरणी योग्य वाटतो. वस्तुतः त्यामुळेच प्रश्नाचे महत्त्व वाढते. खऱ्या इतिहासातील मौन कधी वाळवीमुळे, कधी आगीमुळे, कधी योगायोगाने उत्पन्न होते. कल्पित इतिहासातील प्रत्येक मौनामागे मात्र लेखकाची निवड असते, मग ती जाणीवपूर्वक असो वा नकळत.

दक्षिणेकडील हाराड आणि पूर्वेकडील देश यांच्याबाबतीत हे मौन फार मोठे आहे. तेथील लोक सावळ्या वर्णाचे आहेत आणि बहुधा सैनिक म्हणूनच आपल्यासमोर येतात. त्यांची गाणी, त्यांची घरे आपल्याला दिसत नाहीत. शिरकाव होतो तो एकाच ठिकाणी. मरून पडलेल्या दक्षिणेच्या योद्ध्याकडे पाहून सॅमच्या मनात येते, की याचे नाव काय असेल, हा खरोखर दुष्ट होता का, कोणत्या खोट्या बोलण्याने वा धाकाने याला घरापासून इतक्या दूर आणले असेल. शेकडो पृष्ठांच्या कथेत हा विचार क्षणभरच टिकतो. तरीही मला तो या ग्रंथातील अत्यंत मोलाचा क्षण वाटतो.

यावरून टॉल्किन यांना वंशद्वेष्टे ठरविणे अन्यायाचे होईल. १९३८ साली 'द हॉबिट'च्या जर्मन भाषांतराच्या निमित्ताने तेथील प्रकाशकाने त्यांच्या आर्यवंशाची चौकशी केली, तेव्हा त्या वंशसिद्धान्ताविषयीचा तिटकारा त्यांनी आपल्या इंग्रज प्रकाशकाला पत्राने कळविला होता. परंतु लेखकाचे विचार उदार असणे ही एक गोष्ट आणि त्याच्या जगाच्या नकाशावर कोणत्या भागात नावे दाट आहेत व कोणता भाग कोरा आहे ही दुसरी. वाचकाने दोन्हींची नोंद घ्यावी.

असे कोरे भाग पुढे भरताही येतात. उर्सुला ले ग्विन यांनी १९६८ पासून 'अर्थसी' या द्वीपसमूहाच्या कादंबऱ्या लिहिल्या. त्या जगात जादूविद्येची पाठशाळा केवळ पुरुषांसाठी होती. पुढे १९९० च्या 'तेहानू' या कादंबरीत त्यांनी तेच जग एका मध्यमवयीन स्त्रीच्या नजरेतून पुन्हा पाहिले आणि आपण पूर्वी काय गृहीत धरले होते याची स्वतःच तपासणी केली.

मित्रहो, नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून आपण हा अभ्यास करीत आहात. आपल्या गावाच्या वा घराण्याच्या इतिहासात कोणाची नावे आहेत आणि कोणाची नाहीत, याचा अनुभव आपणांस पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक आहे. तो अनुभव बाजूला ठेवून अद्भुतकथा वाचू नका. या घटकाचा अभ्यास संपविण्यापूर्वी एक लहानसे लेखन अवश्य करा. डनलंडमधील एखादी वृद्धा आपल्या नातवंडांना रोहानचा इतिहास कसा सांगेल, ते पंधरा-वीस ओळींत लिहून पाहा. तिच्या सांगण्यात आपण वाचलेले कोणते वीर कोणत्या नावाने येतात, तिकडे लक्ष द्या.