ग्राफिक्स कार्ड : गरज की हौस?

चिरंजीव संगणकावरील खेळांसाठी नवे ग्राफिक्स कार्ड मागतात, तेव्हा वाचकहो, आधी हिशेब मांडावा. मॉनिटर 60 हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला साठच चित्रे दाखवितो. जुने कार्ड तेवढी देत असल्यास वेगाचा लाभ दिसणार नाही. खेळ अडखळत असेल तर प्रथम चित्रांची गुणवत्ता एक पायरी उतरवून पाहावी. जीटीएक्स 1650 ला 75 वॅट पुरतात, आरटीएक्स 3060 ला 170 लागतात. म्हणजे पॉवर सप्लायही बदलावा लागू शकतो. तरीही घ्यावयाचेच ठरल्यास बिल दुकानाच्या नावे करू नये. वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूवर जीएसटीचे इनपुट क्रेडिट मिळत नाही. थोड्या करासाठी मुलाला खोट्या नोंदीचा धडा देणे, हा सर्वांत महाग सौदा होय.