चालकाची झोंप आणि यंत्राचा डोळा

पेठेवरून जाणारा नाशिक-धरमपूरचा रस्ता हा आमच्या गांवाचा शेजारीच म्हणावयाचा. दिवसां त्यावरून एस. टी. च्या गाड्या, जीपा आणि द्राक्षबागांच्या कामास निघालेल्या मजुरांनीं भरलेल्या पिकअप् धांवतात. रात्रीं मात्र तो रस्ता मालमोटारींचा असतो. नाशकाकडचा कांदा व भाजीपाला गुजराथेंत जातो, वापीकडील कारखान्यांचा माल इकडे येतो. सावळघाट आणि कोटंबीचा घाट उतरतांना या गाड्यांचे ब्रेक कसे करकरतात हें आम्हां सर्वांच्या परिचयाचें आहे. ती गाडी हांकणारा मनुष्य किती तासांपूर्वीं अंथरुणास पाठ लावून उठला असेल, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणास सुचतो. आमच्यापैकीं कित्येकांचे वडील व भाऊ याच धंद्यांत आहेत. तेव्हां तो प्रश्न आम्हीं विचारला तर त्यांत अधिकपणा होणार नाहीं.

सांप्रत या प्रश्नावर यंत्राचा उपाय पुढें आला आहे. मोठ्या बसगाड्यांवर व मालमोटारींवर टक्कर टाळणारीं यंत्रें सक्तीनें बसवावीं, असा नियमांचा मसुदा केंद्र सरकारनें २०२५ सालीं प्रसिद्ध केला. पुढें अडथळा दिसतांच आपोआप ब्रेक लावणारें एक, गाडी आपली पट्टी सोडूं लागली म्हणजे सूचना देणारें दुसरें, आणि चालकास डुलकी येऊं लागली कीं घंटी वाजविणारें तिसरें, असा हा संच आहे. युरोपांत आपोआप ब्रेक लावणारें यंत्र नव्या जड मालमोटारींवर २०१५ पासूनच आवश्यक झालें. आपल्याकडे २०२१ सालीं नागपुरांत महानगरपालिकेच्या बसगाड्यांवर इशारा देणारीं यंत्रें बसविण्याचा प्रयोग सुरू झाला.

यंत्रांस नांवें ठेवणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हों. अमेरिकेंतील विमा कंपन्यांच्या रस्ते-सुरक्षा संस्थेनें २०२० सालीं मालमोटारींच्या अपघातांचा हिशेब मांडला. ज्या गाड्यांवर नुसता इशारा देणारें यंत्र होतें त्यांच्या पुढच्या गाडीवर मागून आदळण्याच्या घटना ४४ टक्क्यांनीं, आणि आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रानें ४१ टक्क्यांनीं कमी आढळल्या. हा लाभ लहान नव्हे. पण या आंकड्यांत आम्हांस एक गोष्ट विशेष वाटते, ती ही कीं, नुसती घंटी ही ब्रेक लावणाऱ्या यंत्राच्या तोडीस तोड उतरली. घंटी म्हणजे कांहीं गाडी थांबविणारी शक्ति नव्हे. ती ऐकून पाय हलविणारा मनुष्य जागा असावा लागतो. यंत्राचें यश तें बहुतांशीं जाग्या माणसाचें यश आहे.

आतां हेंच यंत्र आमच्या घाटांत आणून पाहूं. त्याचे डोळे दोन, एक कॅमेरा व दुसरें रडार. कॅमेऱ्यास रस्त्यावरील पांढऱ्या रेघा स्वच्छ दिसाव्या लागतात. आषाढ-श्रावणांत पेठेंत पाऊस कसा कोसळतो आणि धुकें कसें दाटतें, हें येथें सांगावयास नको; ज्या धुक्यांत बसचा कंडक्टर खालीं उतरून रस्ता दाखवितो, तेथें कॅमेरा तरी काय पाहणार? रडारास धुक्याची बाधा कमी, परंतु त्याची अडचण निराळी आहे. तें सरळ रेषेंत पाहतें. वळणावर त्याच्या समोर येतो तो डोंगर किंवा कठडा. त्यास अडथळा समजावें तर गाडी पावलोपावलीं अडेल, न समजावें तर खराच अडथळा सुटेल. याच कारणानें जुन्या रचनेचीं कित्येक यंत्रें स्थिर वस्तूंकडे कानाडोळा करीत. आणि आमच्या रस्त्यावर रात्रीं सर्वांत घातक वस्तु कोणती? मागचा दिवा नसलेली, बिघडून वाटेंत उभी राहिलेली दुसरी मालमोटार! उलटपक्षीं, कांहीं नसतांना ब्रेक लावण्याचाही दोष या यंत्रांत असतो. अमेरिकेंत एका नामांकित बनावटीच्या मालमोटारींविषयीं अशा तक्रारींवरून २०२३ सालीं सरकारी चौकशी सुरू झाली होती. मागें भरधांव गाडी असतां असा ब्रेक लागणें म्हणजे काय, हें वाचकांनींच ताडावें.

याहून मोठी गोष्ट ब्रेकची. यंत्र ब्रेक दाबतें, ब्रेक निर्माण करीत नाहीं. वीस टनांचा भार घेऊन उतरतांना चालक गिअर न टाकतां ब्रेकवरच विसंबला तर ब्रेक तापून निकामी होतात. मग तो पायानें दाबा कीं यंत्रानें. २०२२ च्या नोव्हेंबरांत पुण्याच्या नवले पुलाजवळ एका मालमोटारीनें उतारावर अनेक वाहनांस धडका दिल्या. इंधन वांचविण्याकरितां इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडली होती, असें पोलिसांनीं त्या वेळीं सांगितलें. इंजिन बंद असलें म्हणजे ब्रेकची हवा भरत नाहीं. तेथें कोणतें यंत्र काय करणार होतें?

आतां झोंपेकडे वळूं. १९९७ सालीं ऑस्ट्रेलियांतील दोन संशोधकांनीं ‘नेचर’ या नियतकालिकांत असें दाखविलें कीं, सतत सतरा तास जागलेल्या मनुष्याचें चापल्य रक्तांत ०.०५ टक्के मद्य असलेल्या मनुष्याइतकें मंदावतें. आपल्या देशांत गाडी हांकणारास कायद्यानें मद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे एक थेंबही न प्यालेला, पण रात्रभर जागलेला चालक कायद्याच्या मापानें प्यालेल्याहून अधिक मंद असूं शकतो! प्यालेल्यास पकडण्यास पोलिसांजवळ नळी आहे; जागलेल्यास पकडण्यास कांहींच नाहीं. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी तीन सेकंदांच्या डुलकींत ३३ मीटर पुढें जाते. घाटांतील वळणास इतकें अंतर पुष्कळ झालें.

८ ऑक्टोबर २०२२ रोजीं नाशकांत औरंगाबाद रस्त्यावर मालमोटार आणि खासगी बस यांची टक्कर होऊन बस पेटली व १२ प्रवासी दगावले, ती वेळ पहाटे पांचच्या सुमाराची. १ जुलै २०२३ रोजीं समृद्धि महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस जळून २५ जण गेले, ती वेळ मध्यरात्रीं दीडच्या सुमाराची. दोहोंचें कारण झोंपच होतें असें आम्ही म्हणत नाहीं. कारणांविषयीं बोलण्याचा अधिकार तपास करणारांचा. पण मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंतचा प्रहर मनुष्याच्या देहास झोंपेकडे ओढणारा आहे, आणि आपला माल व आपले प्रवासी आपण नेमके त्याच प्रहरीं रस्त्यावर घालतों, हें तरी नाकबूल करतां येत नाहीं.

कायदा याविषयीं अगदींच मुका नव्हता. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें दिवसास आठ व आठवड्यास अठ्ठेचाळीस तास ही सामान्य मर्यादा घालून पांच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांति ठरविली होती. मात्र तो कायदा पांच अथवा अधिक कामगार असलेल्या धंद्यासच लागू होता, आणि एक-दोन गाड्यांचे मालक तर आपल्याकडे पैशाला पासरी! २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०२० च्या नव्या संहितेनें घेतली. तींत ही पांचाची संख्या दहा झाली आहे. चाळणीचीं छिद्रें बुजविण्याऐवजीं मोठीं झालीं, असें म्हणावयाचें नाहीं तर काय? राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असावेत असा नियम पूर्वीं होता. तोही निघून गेला. क्लीनर हा कित्येक गाड्यांवरून केव्हांच नाहींसा झाला. तो पोरगा हिशेबांत खर्चाचा असे, परंतु रात्रीं तीन वाजतां “उस्ताद, डोळा लागतोय” असें म्हणणारें तेंच एक यंत्र होतें, आणि धुक्यांतही चालत असे.

म्हणून आम्हांस भीति वाटते ती यंत्राच्या बिघाडाची नव्हे, तर त्याच्या उपयोगाची. यंत्र बसविलें म्हणजे मालक म्हणेल, “आतां काय हरकत आहे? गाडी स्वतःच सांभाळते. आज रात्रींच वापी गांठ.” दहा तासांचे बारा व बाराचे चौदा होतील. आणि उद्यां अपघात झालाच, तर चालकाच्या तोंडावर रोंखलेला कॅमेरा साक्ष देईल कीं, डुलकीची घंटी तीनदां वाजली, तरी यानें गाडी उभी केली नाहीं. ती उभी करण्याची मुभा त्यास होती काय, हें तो कॅमेरा सांगणार नाहीं. उशीर झाल्यास भाड्यांतून पैसे कापणारा हात त्याच्या चौकटींत येत नसतो.

आमचें मागणें लहान आहे. यंत्रें अवश्य बसवावींत. परंतु घंटी वाजल्यावर गाडी उभी करणें हा चालकाचा हक्क ठरावा, आणि त्या विश्रांतीबद्दल त्याची एक पैही कापली जाऊं नये. घंटीची नोंद चालकाविरुद्ध वापरावयाची असेल, तर ती मालकाविरुद्धही वापरली जावी; ज्या गाडीची घंटी रोज रात्रीं वाजते, तिच्या मालकास परिवहन खात्यानें बोलावून विचारावें कीं, हा मनुष्य झोंपतो केव्हां? आणि गाडी उभी करावयाची तर ती कोठें, हेंही पाहिलें पाहिजे. नाशकाहून पेठेपर्यंतच्या सुमारें ५५ किलोमीटरांत डिझेल चोरीस जाईल ही धास्ती न बाळगतां मालमोटारवाल्यानें दोन तास निजावें अशी एकही जागा आमच्या पाहण्यांत नाहीं. करंजाळीसारख्या रस्त्यालगतच्या गांवीं थोडें सपाट मैदान, एक दिवा, पाण्याचा नळ, संडास आणि रात्रीचा एक पहारेकरी, इतकें केलें तरी पुष्कळ होईल. पहारेकऱ्याचें काम करावयास आमच्या तालुक्यांत माणसांची वाण नाहीं.