फुकटच्या सरपणाची किंमत

उज्ज्वला योजनेचा प्रारंभ १ मे २०१६ रोजी झाला आणि तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत देण्यात आली. सिलिंडर घरात आला की चूल विझणार, ही या योजनेमागील अपेक्षा. प्रत्यक्षात चूल विझलेली नाही. महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालानुसार उज्ज्वलाचा ग्राहक वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर घेत होता. पुढे हे प्रमाण वाढून २०२४-२५ मध्ये साडेचारच्या आसपास गेले. पाच माणसांच्या घरात सारा स्वयंपाक गॅसवर करायचा, तर महिना-दीड महिन्याला एक सिलिंडर लागतो. याचा अर्थ, निम्मा स्वयंपाक आणि आंघोळीचे पाणी अद्याप सरपणावरच आहे.

याचे खापर खेडुतांच्या अज्ञानावर किंवा चुलीवरील भाकरीच्या चवीवर फोडणे सोपे आहे. परंतु हिशेब वेगळेच काही सांगतो. एक किलो गॅसमध्ये सुमारे अकरा हजार किलोकॅलरी उष्णता असते, तर वाळलेल्या लाकडात साडेतीन ते चार हजार. शिवाय शेगडीवर साठ टक्के उष्णता भांड्याला लागते, साध्या चुलीवर जेमतेम दहा ते पंधरा टक्के. म्हणजे १४.२ किलोचा एक सिलिंडर सुमारे दोनशे किलो सरपणाचे काम करतो. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत सिलिंडरचा दर साडेआठशे रुपयांच्या घरात होता. तीनशे रुपयांचे अनुदान वजा जाता उज्ज्वलाच्या ग्राहकाला तो साडेपाचशेला पडे. त्या हिशेबाने किलोला पावणेतीन रुपयांहून महाग सरपण विकत घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो.

तरीही चूल पेटते, कारण बहुतांश सरपण विकत घेतले जात नाही. ते डोक्यावरून येते. पंचवीस किलोची एक मोळी धरली, तर एका सिलिंडरला आठ मोळ्या लागतात. एका मोळीस अर्धा दिवस म्हटले, तरी चार दिवसांचे श्रम झाले. रोजगार हमीच्या २०२४-२५ मधील २९७ रुपये दराने त्यांचे मोल जवळजवळ बाराशे रुपये होते. म्हणजे फुकटचे सरपण गॅसच्या दुपटीहून महाग आहे.

मग गरीब कुटुंब चुकीचा निर्णय घेते काय? तसे म्हणता येत नाही. रब्बीची कापणी आटोपल्यावर कोरडवाहू गावात स्त्रीला मजुरी मिळत नाही. तिचे चार दिवस विकले जात नाहीत, आणि गॅसवाला मात्र रोख रक्कम मागतो. जे श्रम बाजारात खपत नाहीत, ते घरात फुकट धरले जातात. त्यातही मोळी वाहणारी आणि धूर गिळणारी एक, आणि रोख पैशाचा विनियोग ठरविणारा बहुधा दुसराच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. घरखर्चाच्या वहीत या खर्चाला रकाना नाही.

धोरणाची गफलत येथेच आहे. अनुदान खात्यात मागाहून जमा होते. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अन्नपूर्णा योजनेतील तीन मोफत सिलिंडरांची रीतही हीच: आधी पूर्ण रक्कम भरा, नंतर परतावा घ्या. ज्याच्या हाती आठवड्याच्या बाजारापुरतेच पैसे असतात, त्याला महिन्याभराचे इंधन एकरकमी घेणे जड जाते. अनुदान दर्शनी किमतीतूनच वजा केले, पाच किलोच्या लहान सिलिंडरचा पुरवठा वाढविला आणि तो गावापर्यंत पोचविला, तर ही अडचण बरीच हलकी होईल. हंगामाबाहेर स्त्रियांना काम मिळाले, तर मोळीचे मोल घराला आपोआप कळेल.

जोडण्यांची संख्या ही योजनेच्या यशाची खूण नव्हे. दुसरा, पाचवा, आठवा सिलिंडर किती घरांनी घेतला, हे मोजले पाहिजे. तोवर कोपऱ्यातील सिलिंडर पाहुण्यांच्या चहापुरता राहील आणि स्वयंपाकाचा खरा खर्च बाईच्या मानेवर व फुप्फुसांवर पडत राहील.