मालाला वाट, माणसाला नाका

सीमाप्रश्न म्हटला की महाजन अहवाल, मोर्चे आणि न्यायालयातील दावा आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. तो वाद मोठ्यांनी सोडवावा. मला त्याच सीमेविषयी, पण वेगळे काही सांगायचे आहे.

निजामी अमदानीत भालकी आणि निलंगा हे एकाच बिदर जिल्ह्याचे तालुके होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. भालकी म्हैसूर राज्यात आली, निलंगा मुंबई राज्यात गेला. कागदावर रेघ ओढली गेली, पण शिवारात ती कोणाला दिसली नाही. हुलसूरच्या लेकी निलंगा तालुक्यात नांदत राहिल्या, तिकडच्या सुना म्हणून इकडे येत राहिल्या. सोयाबीन आणि तूर भाव पाहून कधी बसवकल्याणला, कधी लातूरला गेली. दुखणे वाढले की लातूर नाही तर सोलापूर गाठायचे, हा तर आमचा रिवाजच.

२०२० साली मात्र ही रेघ जमिनीवर उतरली. कोरोनाने देशातील पहिला बळी मार्चमध्ये आमच्या शेजारच्या कलबुर्गीत घेतला होता, त्यामुळे लोकांची भीती खरी होती. महिनाअखेरीस केंद्राने राज्यांच्या सीमा बंद करण्यास सांगितले. पुढे १८ मे रोजी कर्नाटकाने महाराष्ट्रासह चार राज्यांतून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत प्रवेश नाकारला.

त्याच मे महिन्यात माझी आजी, म्हणजे आईची आई, वारली. गाव निलंगा तालुक्यात, मोटारसायकलने अर्ध्या तासावर. मी तेव्हा शाळेत होतो. वडिलांसोबत आई नाक्यावर गेली तेव्हा तिच्याकडे पास मागितला. पास हाती येईपर्यंत तिकडे माती झाली होती. आई नाक्यावरून परत फिरली, तेव्हा सिमेंटचा एक ट्रक कागद दाखवून पुढे गेला. तिसऱ्या दिवशी मामा ओढ्याच्या पलीकडच्या बांधावर येऊन उभा राहिला, आई अलीकडच्या बांधावर. दोघांनी तिथूनच एकमेकांना पाहून रडून घेतले.

वाणिज्य शाखेत आल्यावर त्या ट्रकचा अर्थ मला कळला. ५०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या मालाला ई-वे बिल लागते. मोठ्या व्यापाऱ्याजवळ आपला माल कुठून कुठे चालला याचा पुरावा असतो. टोपली घेऊन आठवडी बाजाराला जाणाऱ्या बाईकडे तो नसतो, कारण तिच्याकडे कोणी कधी मागितलेलाच नाही. राज्यघटनेच्या ३०१ व्या कलमाने देशभर व्यापार मुक्त ठेवला आहे. पण संकटकाळी ही मुक्तता ज्याच्याजवळ कागद, त्याच्याच वाट्याला आली.

कोणी म्हणेल, रोग रोखायचा तर येजा थांबवायलाच हवी होती. हे मला मान्य आहे. परंतु रोग राज्याची हद्द पाहून चालत नाही. १८ मे रोजी प्रवेशबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी राज्यांतर्गत बसगाड्या सुरू झाल्या. म्हणजे सहाशे किलोमीटरहून दूर असलेल्या बंगळूरचा माणूस आमच्या जिल्ह्यात येऊ शकत होता, पण अर्ध्या तासावरचा मामा येऊ शकत नव्हता! हा आरोग्याचा हिशेब म्हणायचा की नकाशाचा?

समजुतीने मार्ग निघत नाही असेही नाही. केरळ सीमेवर तलपाडी येथे रस्ता अडवल्यामुळे कासरगोडच्या रुग्णांना मंगळूरला जाता येईना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि एप्रिल २०२० मध्येच रुग्णांना कसे सोडायचे याची पद्धत ठरली. हेच आधी बसून ठरवले असते तर?

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की पुढचे संकट येण्यापूर्वी बिदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या प्रशासनांनी एकत्र बसावे. सीमेलगतच्या गावांतील रहिवाशांना ग्रामपंचायतीने ओळखपत्र द्यावे आणि ते दोन्हीकडच्या नाक्यांवर चालावे. दवाखाना, शेती आणि अंत्यविधी यांसाठी निराळा पास लागू नये. आणि प्रत्येक हुकूम दोन्ही भाषांत निघावा. त्या दिवसांत आमच्या गल्लीत इकडचा कन्नड हुकूम माझा मित्र वाचून दाखवी, तिकडचा मराठी हुकूम मी. म्हातारी माणसे आम्हां दोन पोरांच्या तोंडाकडे पाहत बसत. शाळकरी पोरांनी जे केले, ते सरकारला अवघड का असावे?

मित्रहो, आपल्यापैकी काही जण उद्या तहसील कचेरीत, बँकेत, बाजार समितीत बसतील. नाक्यावरचा कागद तपासणारा हातही कदाचित आपलाच असेल. तेव्हा या गोष्टीची आठवण असू द्या. आणि संपादकांना विनंती, की हा लेख कन्नड विभागातही छापावा. भाषांतर मी करून देईन.