नंगारा वाजला की राक्षसच का येतो?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हे नाव ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मुळे आता आपल्याकडंही नवं राहिलेलं नाही. तरी ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार-पाच जण गोल करून बसतात. एक जण गोष्ट सांगतो, त्याला गेम मास्टर म्हणायचं. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि आपलं पात्र काय करेल ते बोलून सांगतात. जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ आणला. स्क्रीन नाही, ग्राफिक्स नाहीत, सगळा कारभार बोलण्यावर. म्हणून तर तो हॉस्टेलच्या रूमवर, लाईट गेलेली असताना मोबाईलच्या टॉर्चवरसुद्धा चालतो.

या खेळात एक जण हमखास असतो, ज्याच्या ताब्यात ब्लूटूथ स्पीकर असतो. जंगल आलं की तो जंगलाचं म्युझिक लावतो, लढाई आली की लढाईचं. बाकीच्यांना वाटतं, हा आपला डीजे. माझं म्हणणं असं, की अर्धी गोष्ट हाच सांगत असतो. गेम मास्टर फक्त म्हणतो, “समोरून काही माणसं येताहेत.” ती पाहुणे आहेत का दुश्मन, हे तुम्ही मागं काय वाजतंय त्यावरून ठरवून टाकता. नमस्कार करायचा का तलवार काढायची, हे स्पीकर सांगतो. म्हणून ‘मागं काय लावायचं’ हा प्रश्न मला टाइमपासचा वाटत नाही.

आधी नेहमीच्या तीन चुका बघू.

पहिली, ओळखीची धून. लढाई सुरू झाली की कुणीतरी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधलं हॉवर्ड शोअरचं संगीत लावतो. संगीत जबरदस्तच आहे, वाद नाही. पण ते ऐकलं की तुमच्या डोळ्यांसमोर तुमची गोष्ट राहत नाही, पीटर जॅक्सनचा सिनेमा येतो. तुमच्या मित्राने आठवडाभर बसून रचलेला किल्ला एका मिनिटात दुसऱ्याच्या मालकीचा होतो.

दुसरी, शब्द असलेलं गाणं. हा खेळ बोलण्याचा आणि ऐकण्याचा आहे. पिअर सालामे आणि अ‍ॅलन बॅडली या संशोधकांनी १९८२ साली दाखवलं, की समोरचे आकडे लक्षात ठेवताना मागं कुणी बोलत असेल तर माणूस जास्त चुकतो. त्या बोलण्याकडं लक्ष देऊ नका असं सांगितलेलं असलं, तरीही. पुढं १९८९ मध्ये त्यांनी संगीतावर तोच प्रयोग केला, तेव्हा गायलेल्या गाण्यांनी नुसत्या वाद्यांपेक्षा जास्त अडथळा आणला. परीक्षेच्या आदल्या रात्री गाणी लावून अभ्यास करणाऱ्यांनीही हे वाचून ठेवावं.

तिसरी, सतत ‘एपिक’. पात्र चहा पितंय, तरी मागं पन्नास व्हायोलिनं. अशानं खरा ड्रॅगन येतो तेव्हा त्याच्यासाठी आवाजच शिल्लक राहत नाही.

तुणतुण्याची शाळा

गंमत अशी, की या तिन्ही चुका आपल्याकडचे कथेकरी करत नाहीत. गोंधळ आठवून बघा. लग्नानंतर घरात गोंधळ घातलेला असतो, आपण मागं बसून मोबाईल बघत असतो. पुढच्या वेळी जरा कान देऊन ऐका. मुख्य गोंधळी आख्यान सांगत असतो तेव्हा त्याच्या मागं तुणतुणं चालू असतं. एक तार, जवळपास एकच सूर. त्याला चाल नाही, शब्द नाहीत, म्हणून ते बोलण्याच्या आड येत नाही. पण ते आहे म्हणूनच गोष्टीचा धागा तुटत नाही. वाक्य संपलं, गोंधळी थांबला, की मग संबळ उसळून येतं. परत तो बोलायला लागला की संबळ खाली बसतं. मास कम्युनिकेशनच्या कोर्सला रेडिओच्या प्रॅक्टिकलमध्ये आम्हाला हेच शिकवलं. माणूस बोलला की म्युझिक खाली, थांबला की वर. गोंधळ्यांनी त्यासाठी सॉफ्टवेअर घेतलेलं नाही.

नारदीय कीर्तनातही तेच. पूर्वरंगात बुवा समजावून सांगतात तेव्हा पेटी-तबला शांत. उत्तररंगात कथा रंगात आली की एखाद्या जागी दोघं उचलतात आणि सोडून देतात. सिंधुदुर्गात पिंगुळीला चित्रकथी आहे. तिथं चित्रांचं एकेक पान समोर धरून, वाद्यांच्या साथीनं रामायण-महाभारतातल्या कथा सांगतात. त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री जाहीर झाला. समोर चित्र, तोंडी गोष्ट, मागं साथ. फासा तेवढा आणून ठेवला, की आपला टेबलटॉप गेमच!

तेव्हा माझा पहिला सल्ला सोपा आहे. तुमच्या खेळाला आधी तुणतुणं शोधा, संबळाचं नंतर बघू. म्हणजे दीड-दोन तास मागं चालेल असा, चाल नसलेला एखादा आवाज. तंबोरा चालेल, पाऊस चालेल, रातकिडे चालतील. ‘टेबलटॉप ऑडिओ’वर याच कामासाठी केलेले दहा-दहा मिनिटांचे ट्रॅक फुकट मिळतात. आणि हे मिळवायला परदेशी जंगलच पाहिजे असं नाही. मृगाच्या पहिल्या पावसानंतर तळ्याकाठी बेडकं काय गोंधळ घालतात! पहाटेचं एसटी स्टँड, टिनावरचा पाऊस, कारंजा-सोहोळच्या माळावरचा वारा, हे सगळं तुमच्या मोबाईलवर रेकॉर्ड होतं. त्यात मधेच जाहिरातही येत नाही. भुतानं दार उघडलं आणि स्पीकरवरून लोनची ऑफर आली, याहून मोठा अपमान भुताचा दुसरा नसेल.

मुद्दा नंगाऱ्याचा

आता ज्या मुद्द्यासाठी लिहायला बसले, तो. नेटवर ‘ऑर्क’, ‘गॉब्लिन’, ‘ट्रायबल’, ‘सॅव्हेज’ असे शब्द टाकून लढाईचं म्युझिक शोधा. काय निघतं? ढोल, नगारे, शिंगं आणि मागं पुरुषांचे हुंकार. शहाण्या, देखण्या लोकांच्या नगरात बासरी आणि हार्प. आणि रानातून राक्षसांची टोळी आली की चामड्याची वाद्यं. ही सवय जुनी आहे. १९३३ च्या ‘किंग काँग’मध्ये मॅक्स स्टायनरच्या संगीतासोबत बेटावरची माणसं येतात ती ढोल बडवतच. आपल्या हिंदी सिनेमानेही ‘झिंगालाला’ छाप नाच दाखवून तोच धडा वर्षानुवर्षं गिरवला. कानाला इतकी सवय झाली, की ढोल ऐकला की ‘जंगली लोक आले’ असं मेंदू स्वतःच म्हणतो.

हे वाशीम जिल्ह्यात बसून ऐकलं की खटकतं. आपल्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. बंजारा समाजाची काशी म्हणतात तिला, संत सेवालाल महाराजांची समाधी तिथं आहे. त्या समाजाचं मानाचं वाद्य कोणतं? नंगारा. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिथं बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, त्याला आपण ‘नंगारा’ म्हणूनच ओळखतो. म्हणजे ज्या आवाजावर आपण खेळात तलवार उपसतो, तोच आवाज आपल्या वर्गातल्या एखाद्या पोरासाठी देवळाचा आहे, तांड्यावरच्या सणाचा आहे, घराचा आहे.

कुणी म्हणेल, “काऊन एवढं मनावर घेतं? राक्षस खोटे, खेळ खोटा.” मान्य, राक्षस खोटे आहेत. पण ‘जन्मतःच वाईट असलेली टोळी’ ही कल्पना आपल्या देशात खोटी नव्हती, तिचा कायदा होता. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि अख्ख्या जमातींवर जन्मापासून गुन्हेगार असा शिक्का मारला. स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली तो कायदा गेला. ‘विमुक्त’ हा शब्द तिथूनच आला, आणि महाराष्ट्रातल्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा समाज आहे. ज्यांच्या पणजोबांच्या काळात ही गोष्ट खरी होती, त्यांना टेबलावर बसवून त्यांच्याच वाद्यावर ‘मारा या टोळीला’ म्हणायचं? खेळ म्हणूनही मला ते बरं वाटत नाही.

आणि हे मी एकटीच म्हणते असंही नाही. खुद्द हा खेळ छापणाऱ्या ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ कंपनीने २०२० मध्ये जाहीर केलं, की ऑर्क आणि ड्राउ हे सरसकट वाईट दाखवणं सोडून त्यांना इतरांसारखेच बरे-वाईट दाखवायचं. २०२४ च्या नव्या पुस्तकात तर ‘रेस’ हा शब्दच काढून ‘स्पीशीज’ केला. पुस्तक सुधारलं. आपली प्लेलिस्ट मात्र ‘किंग काँग’च्याच बेटावर राहिलीय.

मग नगारा बंद?

अजिबात नाही! बंदी घालून काय होणार, तो आवाज आपल्या खेळातून गायब होईल आणि राहील पुन्हा हार्पच. माझं मत उलटं आहे. नगारा वाजवा, पण त्याची बाजू बदला. नायक सहा महिन्यांनी गावी परत आला, वेशीवर नगारा. तहानलेल्या गावात पाणी आलं, नगारा. आणि फसवणूक करणारा, गोड बोलणारा राजा दरबारात आला की लावा ती नाजूक बासरी. दोनच सेशन असं करून बघा. खेळणारे आवाजावर विसंबून तलवार काढायचं बंद करतात आणि समोरच्याला आधी विचारायला लागतात, “तू कोण?” गोष्ट तिथंच रंगते.

एक रेघ मात्र मी मारते. वाद्य वेगळं आणि पूजा वेगळी. संबळ, हलगी, नगारा यांचे नुसते ताल घ्या. पण कुणाच्या घरच्या जागरणाचं, आरतीचं किंवा अरदासचं रेकॉर्डिंग भुताच्या सीनखाली टाकू नका. शंका असेल तर ते ज्यांचं आहे त्यांना विचारा. त्यातला एखादा तुमच्याच बेंचवर बसत असेल, आणि कदाचित खेळायलाही येईल.

आपला आवाज शोधायचा म्हणजे बाहेरचं सगळं फेकायचं असंही नाही. २०१८ चा ‘तुंबाड’ बघितला असेल. नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेला, कोकणातल्या वाड्याचा, सततच्या पावसाचा तो सिनेमा. त्याचं पार्श्वसंगीत जेस्पर किड या डेन्मार्कच्या माणसाने केलं, आणि हा माणूस ओळखला जातो ‘असॅसिन्स क्रीड’ या व्हिडिओ गेमच्या संगीतासाठी. परका असूनही त्याने त्या वाड्याकडं ‘एक्झॉटिक इंडिया’ म्हणून बघितलं नाही, गोष्टीला काय लागतं ते बघितलं. आपण तर इथलेच आहोत. वाकाटकांची राजधानी असलेलं वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. त्या नगरातली एखादी गोष्ट रचली, तर पाचव्या शतकातल्या बाजाराचा आवाज कसा असेल, हे आपल्याशिवाय कोण ठरवणार?

एवढं सगळं सांगूनही सगळ्यात भारी म्युझिक राहिलंच. शांतता. फासा टेबलावर गरगरत असतो, पात्र जगणार का मरणार ते ठरायचं असतं, तेव्हा स्पीकर बंद करा. फाशाचा तो टकटक आवाज आणि पाच जणांचे रोखलेले श्वास, याच्यावर कुठलाही ऑर्केस्ट्रा नाही.

तर ज्याच्या हातात स्पीकर आहे त्याला एवढंच सांगणं. पाच-सहा ट्रॅक पुरे. आवाज इतका ठेवा, की सगळ्यात हळू बोलणाऱ्या मैत्रिणीचंही ऐकू येईल. आणि प्ले दाबायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: हा आवाज कुणाचा आहे, आणि माझ्या गोष्टीत मी त्याला कुणाच्या बाजूला उभं करतोय?